मँचेस्टरचे लिव्हरपूल रोड स्थानक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एका जुन्या रस्त्याच्या कडेला बाहेरून सुखवस्तू माणसाच्या घरासारखी दिसणारी एक दुमजली इमारत आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी ती रेल्वे स्थानक म्हणून उघडली आणि ४ मे १८४४ रोजी तेथील उतारूंची वाहतूक थांबली. अवघ्या पावणेचौदा वर्षांच्या या कारकिर्दीविषयी, आणि त्यानंतरच्या दीर्घ काळाविषयी, वाचकांकडून पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

स्थानक मँचेस्टरमध्ये असताना त्याचे नाव लिव्हरपूल रोड कसे?

स्थानकासमोरचा रस्ता लिव्हरपूल रोड म्हणून ओळखला जातो आणि स्थानकाला त्या रस्त्याचेच नाव मिळाले. पुण्यातला सोलापूर रस्ता जसा सोलापुरात नाही, तसाच हा प्रकार आहे. लिव्हरपूल हे मार्गाच्या दुसऱ्या टोकाचे बंदर होते, आणि तेथील स्थानकाचे नाव क्राउन स्ट्रीट असे होते. नावामुळे होणारा हा गोंधळ इतका सर्रास आहे की, छापील मजकुरातही काही वेळा हे स्थानक लिव्हरपूलला नेऊन ठेवलेले आढळते.

हे जगातले पहिले रेल्वे स्थानक म्हणता येईल का?

‘पहिले’ या शब्दाला अटी जोडल्याशिवाय असे म्हणणे धाडसाचे ठरेल. स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे २७ सप्टेंबर १८२५ रोजी, म्हणजे पाच वर्षे आधी सुरू झाली होती. मात्र ती मुख्यतः कोळशाची रेल्वे होती, आणि तिच्या रुळांवरून उतारूंना नेणारे डबे १८३३ पर्यंत घोडेच ओढत होते. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे वेगळेपण असे की, दोन मोठ्या शहरांना जोडणारा तो दुहेरी मार्ग होता, त्यावर ठरलेल्या वेळापत्रकाने गाड्या धावत होत्या, आणि मार्गावर गाड्या ओढण्याचे काम वाफेच्या इंजिनांकडे होते. (लिव्हरपूलच्या टोकाला, बोगद्यांच्या चढावर, डबे स्थिर इंजिनांच्या दोरांनी ओढावे लागत, हा अपवाद नोंदवायला हवा.) अशा रेल्वेच्या दोन अंत्य स्थानकांपैकी लिव्हरपूलचे पाडले गेले आणि मँचेस्टरचे उरले. त्यामुळे ‘दोन शहरांना जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेचे, आजही उभे असलेले अंत्य स्थानक’ असे त्याचे वर्णन करणे सर्वांत सुरक्षित आहे. वाक्य लांबते हे खरे, पण ते खोडून काढणे कोणाला जमणार नाही.

ही रेल्वे मुळात कशासाठी बांधली गेली?

मालासाठी, आणि त्यातही मुख्यतः कापसासाठी. मँचेस्टर आणि परिसरातील गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूल बंदरात उतरत असे आणि तेथून ब्रिजवॉटर कालव्याने किंवा मर्सी–अर्वेल या नदीमार्गाने आत येत असे. या जलमार्गांच्या मालकांना स्पर्धक नसल्याने दर चढे होते, उन्हाळ्यात पाणी उतरले किंवा हिवाळ्यात गोठले की माल अडकून पडे, आणि व्यापाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी होती की, अटलांटिक महासागर ओलांडायला जेवढे दिवस लागतात त्याहून अधिक दिवस कापसाच्या गाठीला लिव्हरपूलहून मँचेस्टरला यायला लागतात. तक्रारीत थोडी व्यापारी अतिशयोक्ती गृहीत धरली, तरी सुमारे ३१ मैलांच्या अंतरासाठी ही अवस्था लाजिरवाणीच होती.

धान्याचे व्यापारी जोसेफ सँडर्स, हेन्री बूथ आणि मँचेस्टरचे सूतगिरणी मालक जॉन केनेडी अशा मंडळींनी पुढाकार घेतला. संसदेपुढचे पहिले विधेयक १८२५ मध्ये फेटाळले गेले. त्या वेळी अभियंते जॉर्ज स्टीफन्सन यांची उलटतपासणी फार कडक झाली आणि मोजणीतील चुका उघड्या पडल्या. ज्या अर्वेल नदीवर पूल बांधायचा होता तिची रुंदीसुद्धा त्यांना नेमकी सांगता आली नाही. नव्याने मोजणी करून आणलेले दुसरे विधेयक १८२६ मध्ये संमत झाले आणि बांधकामासाठी स्टीफन्सन यांनाच पुन्हा बोलावण्यात आले. चॅट मॉस नावाच्या दलदलीवर हेदर या झुडपाच्या आणि फांद्यांच्या विणलेल्या तट्ट्या अंथरून, त्यावर भराव टाकून त्यांनी रूळ अक्षरशः तरंगते ठेवले. आजही आधुनिक गाड्या त्याच मार्गाने ती दलदल ओलांडतात.

स्थानकासाठी हीच जागा का निवडली?

मूळ बेतानुसार रेल्वे अर्वेल नदीच्या अलीकडे, सॅलफर्ड येथेच संपणार होती. पण नदीपलीकडे मँचेस्टरचा व्यापार होता, कालव्याचे धक्के होते आणि गोदामांचा भाग होता, तेव्हा शेवटच्या अर्ध्या मैलासाठी माल पुन्हा गाड्यांवर चढवायचा म्हणजे कालव्याशी स्पर्धा करण्यात अर्थच उरत नव्हता. म्हणून १८२९ मध्ये संसदेची वेगळी परवानगी घेऊन मार्ग नदीपलीकडे आणला गेला. चार वर्षांपूर्वी ज्या नदीवरून स्टीफन्सन अडचणीत आले होते, तिच्यावरच त्यांनी दोन कमानींचा दगडी पूल बांधला, आणि तो अद्याप उभा आहे.

या पुलामुळे स्थानकाची रचनाही ठरून गेली. नदीतून नावा जाण्याइतकी उंची ठेवणे भाग असल्याने रूळ रस्त्यापेक्षा एक मजला वर आले आणि स्थानकात तळमजल्यावरून शिरून वरच्या मजल्यावर गाडी गाठायची असा प्रकार झाला.

उद्घाटनाच्या दिवशी नेमके काय घडले?

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूलहून आठ गाड्या निघाल्या. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची गाडी ‘नॉर्दम्ब्रियन’ या इंजिनाने एका मार्गावरून ओढली आणि बाकीच्या सात गाड्या दुसऱ्या मार्गाने चालल्या. वाटेत पार्कसाइड येथे इंजिनांना पाणी भरण्यासाठी थांबले असता, सूचना असूनही काही पाहुणे रुळांवर उतरले. त्यांत लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन होते. वेलिंग्टन यांच्या मंत्रिमंडळातून ते १८२८ मध्ये बाहेर पडले होते, आणि आता समेटासाठी ते ड्यूकच्या डब्याजवळ गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ हे इंजिन आले. हस्किसन डब्याच्या उघड्या दाराला लोंबकळले, दार फिरले आणि ते इंजिनाखाली सापडून त्यांच्या पायाचा चुराडा झाला. स्टीफन्सन यांनी स्वतः ‘नॉर्दम्ब्रियन’ चालवत त्यांना एकल्सपर्यंत नेले, पण त्याच रात्री त्यांचा मृत्यू झाला.

या अपघाताविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि त्यामुळे मँचेस्टर स्थानकात त्या दुपारी काय झाले ते मागे पडते. माझ्या मते शहराच्या इतिहासाच्या दृष्टीने तो भाग अधिक बोलका आहे. वेलिंग्टन यांना परत फिरायचे होते, परंतु वाट पाहणारा जमाव बिथरेल या भीतीने त्यांना पुढे जाण्यास राजी करण्यात आले. १८१९ मध्ये याच शहरात सेंट पीटर्स फील्डवर मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र सभेवर घोडदळ घातले गेले होते, ती जखम अजून ओली होती. मँचेस्टर एवढे वाढलेले असूनही संसदेत त्याचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता, आणि वेलिंग्टन हे सुधारणांना विरोध करणारे गृहस्थ म्हणून प्रसिद्ध होते. पावसात गाड्या स्थानकाजवळ आल्या तेव्हा रुळांच्या कडेने विरोधाच्या घोषणा आणि निशाणे होती. गाडीत बसलेल्या फॅनी केंबल या अभिनेत्रीने लिहून ठेवले आहे की, जमावाच्या डोक्यांवर दिसेल असा एक हातमाग उंचावर उभारला होता आणि त्यावर फाटक्या कपड्यांतला, उपाशी दिसणारा एक विणकर बसलेला होता. नव्या गोदामात पाहुण्यांसाठी जेवण मांडलेले होते, पण पंतप्रधान डब्यातून खाली उतरलेच नाहीत.

त्या काळी या स्थानकातून प्रवास कसा करावा लागे?

नियमित सेवा १७ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाली. उतारूंसाठी रस्त्यावर दोन वेगळी दारे होती, एक पहिल्या वर्गाचे आणि एक दुसऱ्या वर्गाचे. दोन्ही वर्गांची तिकीटघरे वेगळी, जिने वेगळे आणि वरचे प्रतीक्षागृहही वेगळे होते. पहिल्या वर्गाच्या दाराभोवतीच्या भिंतीला दगडी बांधकामाचा भास व्हावा असा गिलावा केलेला आहे. वर्गांची ही विभागणी रेल्वेने शोधून काढलेली नाही, कारण घोड्यांच्या टपाल गाडीतही आत बसणारे आणि टपावर बसणारे यांचे दर वेगळेच असत. तिला विटा-चुन्यात कायमचे बांधून काढण्याचे काम मात्र याच इमारतीपासून सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पुठ्ठ्याचे छोटे छापील तिकीट तेव्हा अस्तित्वात नव्हते. कारकून हाताने लिहून तिकीट फाडून देई. भारतात काल-परवापर्यंत खिडकीवर खटकन तारीख उठवून मिळणारे ते जाड तिकीट थॉमस एडमंडसन यांनी १८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या एका रेल्वेवर काढले आणि नंतर ते मँचेस्टरला येऊन स्थायिक झाले. लिव्हरपूल रोडच्या पहिल्या उतारूंना ते पाहायला मिळाले नाही.

जिना चढून वर गेल्यावर आजच्यासारखा उंच फलाटही नव्हता. रुळांच्या पातळीवरच्या फरशीवरून पायरीच्या आधाराने डब्यात चढावे लागे. प्रवासाला सुमारे दोन तास लागत. घोडागाडीने लागणाऱ्या वेळेच्या निम्म्यापेक्षा तो कमी होता आणि भाडेही कमी होते, त्यामुळे १८३१ या पहिल्या पूर्ण वर्षात चार लाखांहून अधिक लोकांनी या रेल्वेने प्रवास केला. मालासाठी काढलेल्या कंपनीचे सुरुवातीच्या वर्षांतले उत्पन्न मालापेक्षा उतारूंकडून अधिक आले. प्रवर्तकांनाही याची कल्पना नव्हती.

प्रवेशदारावर सूर्यतबकडी कशासाठी लावली आहे?

वेळ पाहण्यासाठीच. १८३० मध्ये प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर घड्याळ लावत असे. मँचेस्टरची स्थानिक वेळ लंडनपेक्षा सुमारे नऊ मिनिटे मागे होती आणि लिव्हरपूलची बारा मिनिटे. म्हणजे एकाच मार्गाच्या दोन टोकांच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक होता. घोडागाडीच्या दिवसांत त्याने कोणाचे काही अडत नव्हते, परंतु वेळापत्रक छापायचे म्हटल्यावर तो नडू लागला, आणि पुढे १८४० च्या दशकात ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी लंडनची वेळ स्वीकारली. मुंबईकरांना ही कटकट अपरिचित नाही. ‘मुंबई टाइम’ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता, आणि मुंबई महानगरपालिकेने तो बरीच वर्षे सोडला नव्हता.

समोरच्या गोदामाचे एवढे महत्त्व का?

स्थानकासमोर, रुळांच्या पलीकडे, किंचित वक्राकार असे विटांचे एक लांब गोदाम आहे. ते १८३० मध्ये पाच महिन्यांच्या आत उभे राहिले आणि रेल्वेसाठी बांधलेले जगातले पहिले गोदाम मानले जाते. त्याची रचना मुळात कालव्याकाठच्या वखारींसारखी आहे, फक्त नावेच्या जागी डबा आला एवढाच फरक. रुळांच्या बाजूने पाहिले तर ते दुमजली दिसते आणि रस्त्याच्या बाजूने तिमजली, कारण रूळ एक मजला वर आहेत.

काम कसे चाले ते समजून घेण्यासारखे आहे. मालाचा डबा गोदामासमोर आला की तो एका फिरत्या चकतीवर घेत, हाताने काटकोनात वळवत आणि सरळ दारातून आत ढकलत. आत गाठी उतरवून त्या वरच्या मजल्यावर साठवल्या जात किंवा खालच्या मजल्यावर सोडल्या जात, आणि तेथे मागच्या रस्त्याच्या बाजूने घोड्यांचे छकडे येऊन उभे राहत. लवकरच यारीला वाफेच्या इंजिनाची जोड मिळाली. आतले खांब आणि तुळया लाकडाच्या आहेत आणि जाड आडव्या भिंतींनी गोदामाचे भाग पाडले आहेत, जेणेकरून एका भागात आग लागली तर ती सगळीकडे पसरू नये. कापूस आणि लाकूड एकत्र ठेवणाऱ्यांना याची चिंता असणे स्वाभाविकच होते.

४ डिसेंबर १८३० रोजी ‘प्लॅनेट’ या इंजिनाने लिव्हरपूलहून पहिली मोठी मालगाडी आणली. १८ डब्यांच्या त्या गाडीत अमेरिकन कापसाच्या १३५ गाठी, पिठाची २०० पिंपे, शिवाय ओटच्या पिठाची आणि माल्टची पोती होती, आणि तीन तासांच्या आत ती पोहोचली. जलमार्गाच्या मालकांनी त्या रात्री काय गणित मांडले असेल, याची कल्पना करता येते.

हा कापूस गुलामांच्या श्रमाचा होता का?

होय. १८३० मध्ये लँकशायरच्या गिरण्यांना मिळणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत होता आणि तो गुलाम केलेल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांकडून पिकवून घेतला जाई. वरच्या १३५ गाठींना ‘अमेरिकन कापूस’ म्हणून पुढे जाणे सोपे असते, पण त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. रेल्वेला पैसा पुरवणाऱ्या लिव्हरपूलच्या व्यापारी वर्गातही या व्यापाराशी संबंधित घराणी होती.

एवढे यशस्वी स्थानक चौदा वर्षांच्या आत बंद का झाले?

गाड्या भरून धावत होत्या, आणि तेच त्याच्या बंद होण्याचे कारण ठरले. जागा अपुरी पडू लागली, स्थानक शहराच्या एका टोकाला राहिले, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या रेल्वे कंपन्यांचे मार्ग मँचेस्टरमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी येऊन थांबले. लीड्सकडून येणारा मार्ग आणि लिव्हरपूलकडून येणारा मार्ग यांच्यामध्ये शहर होते, आणि उतारूला सामान घेऊन ते अंतर पायी किंवा भाड्याच्या गाडीने तोडावे लागत होते. अखेर हंट्स बँक येथे दोन्ही मार्गांचे एकत्र स्थानक करण्याचे ठरले आणि व्हिक्टोरिया स्थानक १८४४ च्या आरंभी उघडले. त्याच वर्षी मे महिन्यात लिव्हरपूलच्या उतारू गाड्या तिकडे वळल्या आणि लिव्हरपूल रोडवर फक्त माल उरला.

१८४४ नंतर तेथे काय होते?

मालधक्का, आणि तोही थोडाथोडका नव्हे, १३१ वर्षे. स्थानकाच्या इमारतींचा कचेरी आणि साठवणुकीसाठी वापर झाला, आणखी गोदामे आणि शेड उभ्या राहिल्या. मालक बदलत गेले: १८४५ मध्ये मूळ कंपनी ग्रँड जंक्शन रेल्वेत विलीन झाली, १८४६ मध्ये त्यातून लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे झाली, १९२३ मध्ये लंडन मिडलँड अँड स्कॉटिश आणि १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरणानंतर ब्रिटिश रेल्वेज. हिशेब मांडला तर या जागेने सुमारे १४५ वर्षे माल हाताळला आणि त्यांपैकी पहिली पावणेचौदा वर्षे उतारूही. ‘बंद पडलेले स्थानक’ हे त्याचे नेहमीचे वर्णन त्यामुळे अर्धेच बरोबर आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये मालवाहतूकही थांबली.

मग ही इमारत पाडली कशी गेली नाही?

उत्तर थोडे विचित्र आहे: ती उतारूंसाठी लवकर बंद पडली म्हणूनच टिकली. जे स्थानक चालते ते वाढते, आणि जे वाढते ते आपले जुने रूप स्वतःच मोडून काढते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १८५३ मध्ये पहिली गाडी जेथून सुटली ते बोरीबंदरचे मूळ साधे स्थानक आज कोणी दाखवू शकणार नाही, कारण ते भरभराटीला आले आणि १८८८ पर्यंत त्याच्या जागी व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले. लिव्हरपूल रोडला मोठे छत, जादा फलाट, घड्याळाचा मनोरा यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. मालधक्क्याच्या कचेरीचे नूतनीकरण करण्यासाठी कोणतीही रेल्वे कंपनी तिजोरी उघडत नाही. त्या दुर्लक्षात १८३० ची दारे, जिने आणि भिंती तशाच राहिल्या.

अर्थात १९७५ नंतर दुर्लक्षाचा फायदा संपला होता आणि पडझड सुरू झाली होती. इतिहासप्रेमी नागरिकांनी मोहीम उघडली, १९७८ मध्ये ग्रेटर मँचेस्टर कौन्सिलने ब्रिटिश रेल्वेकडून ही जागा नाममात्र एक पौंडाला घेतली, आणि १८३० च्या उद्घाटनाची तारीख साधून १५ सप्टेंबर १९८३ रोजी येथे विज्ञान व उद्योग संग्रहालय सुरू झाले. स्थानक आणि गोदाम या दोन्ही इमारतींना वारसा यादीत सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीचा दर्जा आहे. २०१२ पासून हे संग्रहालय लंडनच्या सायन्स म्युझियमच्या समूहात सामील आहे.

या स्थानकाचा महाराष्ट्राशी काही संबंध पोहोचतो का?

पोहोचतो, आणि तो कापसाच्या धाग्यानेच पोहोचतो. अमेरिकन कापसावरचे अवलंबन कमी व्हावे म्हणून वऱ्हाड आणि दख्खनचा कापूस मुंबई बंदरात लवकर आणि स्वच्छ यावा, यासाठी भारतात रेल्वे बांधावी असा आग्रह मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी सातत्याने धरला होता. बैलांच्या पाठीवरून घाट उतरणारा कापूस पावसात भिजे आणि धुळीने भरे, ही त्यांची तक्रार लिव्हरपूलच्या कालव्याविषयीच्या जुन्या तक्रारीसारखीच होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८४९ मध्ये कायद्याने स्थापन झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. त्या रेल्वेची पहिली इंजिने लँकशायरमधील न्यूटन-ले-विलोज जवळच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती. हस्किसन ज्या पार्कसाइडला इंजिनाखाली सापडले, ते ठिकाण तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

नियतीने मात्र व्यापाऱ्यांचे वेळापत्रक पाळले नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस यायचा थांबला, लँकशायरच्या गिरण्या बंद पडून कामगारांची उपासमार झाली आणि मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. त्या वेळी घाटावरचे मार्ग अजून पुरे व्हायचे होते: भोर घाटातून गाडी १८६३ मध्ये गेली, थळ घाटातून १८६५ मध्ये, आणि रूळ नागपूरला पोहोचेपर्यंत १८६७ उजाडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा फुगा फुटला होता. वऱ्हाडाच्या कापसासाठी मागितलेली रेल्वे, त्या कापसाची सर्वाधिक गरज सरल्यावर वऱ्हाडात आली. दहा वर्षांनी, १८७७ मध्ये, नागपुरातच जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली, आणि त्या रेल्वेमार्गाच्या कडेचा कापूस मँचेस्टरच्या स्पर्धेत कापड होऊ लागला.

ऑर्डसॉल जोडमार्गाचा वाद काय आहे?

संग्रहालय झाल्यानंतरही ही जागा रुळांनी मुख्य रेल्वेला जोडलेली होती आणि आवारात वाफेच्या इंजिनांची छोटी फेरीही होत असे. व्हिक्टोरिया आणि पिकॅडिली ही शहरातली दोन मोठी स्थानके एकमेकांना जोडण्यासाठी आखलेला ऑर्डसॉल जोडमार्ग अर्वेल नदीवर स्टीफन्सन यांच्या पुलाला लागूनच जात होता, आणि तो झाला की १८३० च्या स्थानकाचा रेल्वेशी असलेला दुवा कायमचा तुटणार होता. इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सचे माजी अध्यक्ष मार्क व्हिटबी यांनी पर्यायी आखणी सुचवून न्यायालयात दाद मागितली, पण ती मान्य झाली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये जोडमार्ग सुरू झाला.

दोन्ही बाजूंना वजन आहे. शहराला जोडमार्ग हवा होता, आणि कामाच्या निमित्ताने स्टीफन्सन यांच्या पुलाभोवतीची नंतरची बांधकामे निघून तो पुन्हा स्पष्ट दिसू लागला. पण जोडमार्गाच्या पुढे लागणाऱ्या कॅसलफील्ड या रेल्वेटप्प्याची क्षमता वाढवण्याचे काम झालेच नाही, त्यामुळे जोडमार्गावरून अपेक्षेइतक्या गाड्या धावू शकल्या नाहीत. दुवा तोडण्याची किंमत मोजून बदल्यात मिळाले ते असे अपुरे, हे पाहता आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे अधिक गांभीर्याने ऐकायला हवे होते, असे मला वाटते.

लिव्हरपूलकडच्या जुळ्या स्थानकाचे काय झाले?

क्राउन स्ट्रीट स्थानक शहराच्या मध्यापासून दूर पडल्याने १८३६ मध्येच उतारूंसाठी बंद झाले आणि गाड्या नव्या लाइम स्ट्रीट स्थानकात जाऊ लागल्या. पुढे तेथे कोळशाचे आवार झाले, तेही १९७० च्या दशकात संपले, आणि आता त्या जागी बाग आहे. गवतातून वर आलेले बोगद्याच्या धुराचे विटांचे धुराडे एवढीच त्या भागातली ठळक खूण आहे.

प्रत्यक्ष गेल्यास काय पाहावे?

संग्रहालयाला सर्वसाधारण प्रवेशशुल्क नाही, मात्र जुन्या इमारतींची दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालत असल्याने कोणता भाग खुला आहे याची आधी चौकशी करावी. इमारतीत शिरण्यापूर्वी लिव्हरपूल रोडच्या पलीकडच्या पदपथावर उभे राहून दोन्ही वर्गांची दारे, वरची सूर्यतबकडी आणि कोपऱ्यावरचे घर एकत्र पाहावे. कोपऱ्यावरचे ते घर स्थानकाच्याही आधीचे, १८०८ चे आहे. रेल्वेने ते विकत घेऊन तेथे स्थानकाच्या व्यवस्थापकाला राहायला दिले होते. नंतर वॉटर स्ट्रीटवरून नदीकाठी उतरले की स्टीफन्सन यांच्या पुलाच्या दोन कमानी आणि त्यांना खेटून गेलेली जोडमार्गाची गंजरंगी पोलादी कमान एकाच नजरेत येते. वरून गाडी गेली तर ती नव्या पुलावरून जाते.